मार्केट हार्बरोत नवं घर घेताना आधी शेत बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं पुण्याचे. एकाची नोकरी इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये आहे, दुसऱ्याला आठवड्यातून दोनदा लंडन गाठावं लागतं. लेस्टरजवळच्या मार्केट हार्बरो गावाच्या कडेला नव्या वसाहतीत तीन बेडरूमचं घर ३,७५,००० पौंडांना मिळतंय. शुक्रवारपर्यंत बुकिंग केलं तर फरशी आणि बागेतली हिरवळ बिल्डर फुकट देणार आहे. गावातलं शंभर वर्षांचं विटांचं घरही आवडलंय, पण ओल आणि गळतीची भीती वाटते. नवं घ्यावं का, आणि घेतलं तर काय तपासावं?

मी बावीस वर्षं या भागातली घरं तपासतोय, जुनी आणि नवी दोन्ही. नवं घर घ्यायला माझी हरकत नाही. पण तुम्ही पाठवलेल्या यादीतले चौदाही प्रश्न घराच्या आतले आहेत: टाइल्स, खिडक्या, बॉयलर, भिंतींचा रंग. आतलं जवळजवळ सगळं दुरुस्त होतं. घर ज्या शेतावर उभं आहे ते शेत, दारासमोरचा रस्ता आणि त्या दोन्हींचे कागद मात्र सही झाल्यावर बदलत नाहीत. म्हणून मी उलट्या क्रमाने सांगतो.

गाव समजून घ्या. इथे तेराव्या शतकाच्या सुरुवातीपासून बाजार भरतोय. हाय स्ट्रीटवर चर्चशेजारी लाकडी खांबांवर उभी असलेली जुनी शाळा तुम्ही पाहिली असेल. ती १६१४ ची आहे. वर वर्ग भरायचे आणि खालची मोकळी जागा बाजारच्या दिवशी लोणी विकणाऱ्यांच्या डोक्यावर छप्पर म्हणून ठेवलेली होती. १६४५ च्या जूनमध्ये, इंग्लंडच्या यादवी युद्धातल्या नेझबीच्या लढाईआधी, राजा पहिल्या चार्ल्सचं सैन्य याच गावात होतं. इतकी शतकं जे गाव एका जागी टिकलं, त्याने आपल्या सोयीची जमीन कधीच निवडून घेतली. आज बिल्डरच्या वाट्याला उरलेली जमीन येते. ती कडेची शेतं असतात, उताराच्या असतात, नाहीतर नदी-ओढ्याजवळच्या सखल भागातली असतात. ती वाईटच असते असं नाही. पण आपल्या आधी तिथे घर का नव्हतं, हा प्रश्न प्रत्येक नव्या वसाहतीत उभं राहून विचारायचा.

बऱ्याचदा कारण साधं असतं: तिथे शेती चालायची. या परिसरात गवताळ शेतं संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पाहिलीत तर लांबच लांब वरंबे आणि सऱ्या दिसतात. मध्ययुगात बैलांनी नांगरलेल्या पट्ट्यांच्या त्या खुणा आहेत. अशा जमिनीवर घरं बांधण्याआधी पुरातत्त्वाचे चर खणून पाहणी करायला सांगितलं जाऊ शकतं. त्याचा अहवाल बहुधा नियोजन अर्जाच्या कागदांत असतो आणि कुणालाही वाचता येतो. तो वाचाच, कारण जमिनीखाली कुठे भराव आहे, कुठे जुना ओढा बुजवलाय, हे त्यात सापडू शकतं.

कधी कधी कारण पाणी असतं, आणि इथे मी जास्त थांबणार आहे. गावातून वेलंड नदी जाते. नदीच्या पुराचे नकाशे सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतात. विभाग १ म्हणजे दरवर्षी पुराची शक्यता हजारात एकापेक्षा कमी, विभाग ३ म्हणजे नदीच्या बाबतीत शंभरात एक किंवा जास्त. विक्री कार्यालय हौसेने सांगतं, "आमचं सगळं विभाग १ मध्ये आहे." ते खरंही असतं. पण हे विभाग नदीच्या आणि समुद्राच्या पुराचे आहेत. जोराच्या पावसात शेतावरून वाहत येणारं पाणी त्यात धरलेलं नसतं, त्याचा नकाशा वेगळा आहे. इथली माती चिकण, पाणी मुरायला वेळ लावणारी. उताराच्या तळाशी असलेलं घर नदीपासून मैलभर दूर असूनही ओलं होऊ शकतं. शिवाय पत्ता टाकून जोखीम तपासायची जी सोय आहे, तिथे अजून न बांधलेल्या घराचा पत्ताच नसतो. म्हणून नियोजन अर्जातला पूरजोखीम अहवाल काढायचा आणि आपल्या प्लॉटचा नंबर नकाशावर शोधून पाणी कुठून कुठे जाणार ते बोटाने गिरवायचं.

विम्याची गोष्ट तर बहुतेक खरेदीदारांना माहीतच नसते. पुराचा धोका असलेल्या घरांना परवडणारा विमा मिळावा म्हणून इथे २०१६ पासून 'फ्लड री' नावाची योजना आहे. १ जानेवारी २००९ किंवा त्यानंतर बांधलेली घरं त्या योजनेत बसत नाहीत. म्हणजे गावातल्या शंभर वर्षांच्या घराला जे संरक्षण आहे ते तुमच्या नव्या घराला नाही. बुकिंगआधी प्लॉटचा पिनकोड देऊन दोन विमा कंपन्यांकडून भाव मागवा. दहा मिनिटांचं काम आहे.

वसाहतीत एक तळं दिसेल, भोवती बाक आणि बोरू. ते पावसाचं पाणी अडवून हळूहळू सोडणारं साठवण तळं असतं. त्याची देखभाल कोण करणार? बहुतेक ठिकाणी कौन्सिल नाही, जलकंपनीही नाही. तुम्ही करणार, वर्गणी भरून.

आता ती वर्गणी. आपल्याकडे सोसायटी असते, मेंटेनन्स असतो, पण वार्षिक सभेत उभं राहून हिशोब विचारता येतो. इथल्या नव्या वसाहतीत घर फ्रीहोल्ड असतं, म्हणजे जमिनीसकट तुमचं, आणि तरी हिरवळ, तळं, खेळाचं मैदान, कधी कधी रस्तासुद्धा एका खासगी व्यवस्थापन कंपनीकडे असतो. ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने २०२४ च्या फेब्रुवारीत गृहबांधणीवरचा अहवाल दिला. अकरा मोठ्या बिल्डरांनी २०२१-२२ मध्ये विकलेल्या नव्या फ्रीहोल्ड घरांपैकी ८० टक्के घरांवर असं शुल्क होतं, असं त्यात आहे. म्हणजे हे अपवादाने घडतं असं समजू नका. कंपनी बदलण्याचा, दर रोखण्याचा अधिकार रहिवाशांना अनेकदा नसतो. २०२४ च्या कायद्याने यात सुधारणा केल्या आहेत, पण त्या टप्प्याटप्प्याने लागू होतात. तुमच्या सहीच्या दिवशी त्यातलं काय अमलात आहे ते सॉलिसिटरला, म्हणजे खरेदीचे कागद पाहणाऱ्या तुमच्या वकिलाला, विचारा.

सॉलिसिटरला आणखी एक नेमका प्रश्न विचारायचा: हे शुल्क 'रेंटचार्ज' म्हणून, म्हणजे घराच्या मालकीलाच चिकटलेलं देणं म्हणून, बांधलंय का? तसं असेल आणि पैसे चाळीस दिवस थकले तर १९२५ च्या मालमत्ता कायद्याच्या कलम १२१ प्रमाणे वसुलीसाठी घरावरच भाडेपट्टा निर्माण करण्याचा मार्ग मोकळा होतो. रक्कम शे-दोनशे पौंडांची असली तरी. त्यामुळे काही बँका अशा घराला कर्ज द्यायला कचरतात, आणि उद्या तुम्ही विकायला काढलंत तर समोरच्याची बँक अडून बसते. उपाय आहे. खरेदीखतात ते कलम वगळणारं वाक्य घालून घ्यायचं. साठेखताआधी मागितलं तर मिळण्याची आशा असते. नंतर मागाल तर फी भरावी लागते आणि महिने जातात. माझ्या एका अशिलाचं विकायला काढलेलं घर केवळ एवढ्यासाठी पाच महिने अडकलं. बांधकामात एकही खोट नव्हती.

रस्त्याचंही तेच. डांबर टाकलंय, दिवे लागलेत, म्हणून रस्ता सरकारी झाला असं होत नाही. १९८० च्या महामार्ग कायद्याच्या कलम ३८ खाली बिल्डर आणि काउंटी कौन्सिल यांच्यात करार व्हावा लागतो, आणि त्यामागे हमीची रक्कम लागते. सांडपाण्याच्या वाहिन्यांसाठी १९९१ च्या जलउद्योग कायद्याचं कलम १०४. हे दोन करार झालेत का, हमी किती रकमेची आहे, आणि तुमच्या दारासमोरचा तुकडा त्या नकाशात रंगवलेला आहे की बाहेर, हे पाहायचं. मुख्य रस्ता कौन्सिलकडे जाणार आणि शेवटच्या पाच घरांसमोरची गल्ली कायम खासगी राहणार, असं फार वेळा दिसतं. कोपऱ्यातला शांत प्लॉट आवडला असेल तर हे आधी तपासा.

तिसरा कागद म्हणजे नियोजन कायद्याच्या कलम १०६ खालचा, बिल्डर आणि कौन्सिल यांच्यातला करार. शाळा, दवाखान्यासाठी निधी, बसथांबा, यांची आश्वासनं त्यात असतात. माहितीपत्रकात "नियोजित प्राथमिक शाळा" असं हिरव्या रंगात छापलेलं असतं. करारात मात्र लिहिलेलं असतं की अमुक इतकी घरं राहती झाल्यावर जागा द्यायची किंवा पैसे भरायचे. तो आकडा शोधा. तुमची मुलगी दोन वर्षांची आहे. आकडा तीनशेचा असेल आणि आज साठ घरं विकली गेली असतील, तर ती शाळा तिच्या कामी येणार नाही. मग गावातल्या शाळांत आज जागा आहे का ते पाहायचं.

हे सगळं कंटाळवाणं आहे, मला कल्पना आहे. पण गावाकडे जमीन घेताना आपण सातबारा, फेरफार आणि वहिवाटीचा रस्ता पाहिल्याशिवाय विसार देत नाही. इथे चकचकीत स्वयंपाकघर पाहून तीच सवय आपण विसरतो.

आता पैसा. यात एक गोष्ट खास आपल्या लोकांची आहे. तुम्ही सहज लिहून गेलात की कोथरूडच्या फ्लॅटवर वडिलांबरोबर तुमचंही नाव आहे. हे वाक्य फार महाग पडू शकतं. इथलं मुद्रांक शुल्क, १ एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी, असं बसतं: पहिलंच घर घेणाऱ्याला ३,००,००० पर्यंत काही नाही, त्यावर ५ टक्के. म्हणजे ३,७५,००० ला ३,७५० पौंड. पण 'पहिलं घर' म्हणजे जगात कुठेही आधी घर नसलेलं, वारशाने मिळालेलंसुद्धा, आणि दोघं मिळून घेत असाल तर दोघांचंही. ती सवलत गेली की शुल्क ८,७५० होतं. आणि भारतातला तो हिस्सा अजून तुमच्या नावावर असेल तर जादा घराचा ५ टक्के अधिभार लागू शकतो. तो १८,७५० पौंड. एकूण २७,५००. नवरा-बायकोपैकी एकाच्याच नावावर घेऊन तो चुकत नाही, विवाहित जोडप्याचं घर एकत्र धरतात. हिस्सा ४०,००० पौंडांपेक्षा कमी किमतीचा असणं, अलीकडे वारशाने आलेला लहान हिस्सा असणं, अशी काही अपवादाची कलमं आहेत. पुण्याचं घर पुढे विकून अधिभार परत मिळवू असं गृहीत धरू नका, तो परतावा आधीचं राहतं घर विकण्याशी बांधलेला आहे. तुम्ही सवलतीत बसता की नाही हे मी ठरवू शकत नाही. करातला जाणकार सॉलिसिटर ठरवेल. पण त्याच्यापासून ते लपवू नका, आणि "भारतातलं कोण बघतं" असं सांगणाऱ्या मित्राचं ऐकू नका.

आईवडील काही रक्कम पाठवणार असतील तर भारतातून प्रत्येक व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. इथला सॉलिसिटर त्यांच्या बँकेचे उतारे आणि भेट म्हणून देत असल्याचं पत्र मागेल. ही तयारी आता सुरू केलीत तर शेवटच्या आठवड्यात धावपळ होणार नाही.

बुकिंगचा अर्थही नीट समजून घ्या. आरक्षणाची रक्कम साधारण काही शे पौंड असते आणि ती तुम्हाला बांधत नाही. बिल्डर 'न्यू होम्स क्वालिटी कोड' या नव्या घरांच्या बिल्डरांसाठीच्या आचारसंहितेत नोंदलेला असेल तर आरक्षणानंतर चौदा दिवसांत माघार घेऊन पूर्ण रक्कम परत मिळते, आणि दडपण आणून विकायला त्याला मनाई आहे. त्यामुळे शुक्रवारची मुदत मनावर घेऊ नका. बिल्डर नोंदलेला आहे का एवढं मात्र बघा, सगळे नसतात. आपल्या साठेखतासारखी बांधणारी पायरी त्यानंतर येते, बहुधा अठ्ठावीस दिवसांत, आणि तेव्हा साधारण १० टक्के भरावे लागतात. त्यानंतर मागे फिरलात तर ती रक्कम गेली.

बिल्डर स्वतःचा सॉलिसिटर सुचवेल, फीही भरतो म्हणेल. मी अशिलांना नेहमी वेगळा घ्यायला सांगतो. वर लिहिलेले सगळे प्रश्न बिल्डरला अडचणीचे आहेत. वर्षभर त्याच्याच कामावर चालणारं कार्यालय ते किती जोराने विचारेल याचा विचार करा.

घर अजून पूर्ण नसेल तर ताब्याची पक्की तारीख मिळत नाही. "तयार झाल्यावर दहा कामाच्या दिवसांची सूचना" असं कलम असतं. कर्जाची मंजुरी अनेकदा सहा महिन्यांची. म्हणून करारात अंतिम मर्यादेची तारीख हवी, जिच्यानंतर तुम्ही डिपॉझिट घेऊन बाहेर पडू शकता. आणि भाड्याचं घर सोडण्याची नोटीस त्या सूचनेआधी देऊ नका. एका महिन्याचं भाडं दुप्पट गेलं तरी चालेल, लहान मुलीसह सामान गोदामात ठेवून राहणं फार वाईट.

घराच्या आतलं थोडक्यात सांगतो. नमुना घरात दारं काढून ठेवलेली असतात आणि पलंग नेहमीपेक्षा लहान असतात, म्हणून मोजपट्टी न्या. चांगली गोष्ट अशी की इथे सुपर बिल्टअपचा खेळ नाही, क्षेत्रफळ घराच्या आतलंच असतं. तीन बेडरूम, पाच माणसं, दोन मजले, यासाठी राष्ट्रीय मानक ९३ चौरस मीटर आहे, म्हणजे साधारण हजार चौरस फूट. ते सगळीकडे बंधनकारक नाही. तुमच्या नकाशावर ८२ लिहिलंय, तेव्हा कपाटं कुठे बसणार ते आत्ताच ठरवा.

स्वयंपाकघरात चुलीवरचा पंखा हवा बाहेर फेकतो की गाळून पुन्हा आतच सोडतो, हे विचारा. नव्या घरात हवा सतत खेचणारी यंत्रणा असेल तर आतल्या आत फिरवणारा पंखा नियमात बसतो. पण घर इतकं हवाबंद असतं की रोजच्या फोडणीचा वास आणि वाफ गादीत जाऊन बसते. भिंतीतून नळी बाहेर काढायची असेल तर प्लास्टरच्या आधी सांगायचं, तेव्हा ते सोपं असतं.

बाहेरून दोन गोष्टी कुणीही पाहू शकतो. भिंतीतला ओल अडवणारा डीपीसीचा थर जमिनीपासून किमान १५० मिलीमीटर वर हवा. बागेची माती किंवा फरसबंदी त्याच्यावर चढलेली असेल तर ओल येणारच. आणि कुंपणाजवळ मोठं ओक किंवा विलो असेल तर पायाची खोली त्या झाडाच्या हिशोबाने ठरवली होती का ते विचारा. चिकणमाती उन्हाळ्यात आकसते, पावसाळी दिवसांत फुगते, आणि झाड तो फरक वाढवतं. ते जुनं झाड ठेवायला कौन्सिलनेच सांगितलेलं असू शकतं, तेव्हा नंतर कापता येईल असं धरून चालू नका.

स्नॅगिंगची, म्हणजे बांधकामातले राहिलेले दोष शोधण्याची, पाहणी ताब्याआधी व्यावसायिकाकडून करून घ्या. कोडमध्ये नोंदलेल्या बिल्डरला ती करू द्यावी लागते. पहिल्या वर्षी प्लास्टर आणि लाकूड वाळताना केसासारख्या भेगा पडतील. साधारण २ मिलीमीटरपर्यंतच्या भेगांना घाबरू नका, लगेच रंगही देऊ नका, आणि हीटर एकदम जोरात लावू नका. नव्या घरासोबत मिळणाऱ्या दहा वर्षांच्या हमीचा नेमका अर्थ असा: पहिली दोन वर्षं बिल्डरने दोष दुरुस्त करायचे, पुढची आठ वर्षं मुख्यतः पाया, भिंती, छत यांतले मोठे बिघाड. नळ गळतोय म्हणून पाचव्या वर्षी कुणी येणार नाही.

जुन्या घराचंही सांगतो, तुम्ही विचारलंत म्हणून. गावातलं ते विटांचं घर ओलं आहे हे तुम्हाला दिसलं, कारण दिसायला त्याला शंभर वर्षं मिळाली. त्याचा रस्ता कौन्सिलचा आहे, वर्गणी बहुधा नाही, पूर आला असता तर शेजाऱ्यांना आठवलं असतं, आणि स्टेशन चालत गाठता येतं, तिथून लंडन सुमारे तासाभरावर. त्याला छप्पर, वायरिंग आणि गरम ठेवण्याचा खर्च आहे, आणि तो मोठा आहे. नव्या घराचं हीटिंगचं बिल खरोखर कमी येईल. तुमची मुलगी लहान आहे, दोघांचा प्रवास आहे. वरचे कागद स्वच्छ निघाले तर मी तुमच्या जागी नवंच घेईन. कलम ३८ चा करार नसेल किंवा रेंटचार्जचं कलम वगळायला बिल्डर नकार देत असेल, तर घेणार नाही. फुकटची फरशी त्याची भरपाई करत नाही.

शुक्रवारआधी एवढं करा. पावसाच्या दिवशी वसाहतीत जा आणि उताराच्या वरच्या टोकापासून चालत खाली या. दोन-तीन वर्षं राहणाऱ्या एखाद्या घराची बेल वाजवून शुल्क दरवर्षी किती वाढलं ते विचारा, लोक मोकळेपणाने सांगतात. हार्बरो डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या संकेतस्थळावरून नियोजन अर्जाचा क्रमांक, पूरजोखीम अहवाल आणि कलम १०६ चा करार उतरवून घ्या. आणि आज रात्रीच वडिलांना फोन करून कोथरूडच्या फ्लॅटच्या इंडेक्स टूची प्रत मागवा. तुमच्या नावावर किती हिस्सा आहे ते समजल्याशिवाय सॉलिसिटरला शुल्काचा आकडा सांगता येणार नाही.